वीरगळ पोकेमॉन गोच्या स्टॉपसाठी दोनदा पाठवला, दोनदा रिजेक्ट. नेमकं चुकतंय कुठं?

कृष्णाकाठचा_गडी

राम राम मंडळी. वाई तालुक्यात किकलीपासून जवळच आमचं छोटं गाव आहे. गावात पोकेमॉन गो या मोबाइल गेमचा एकच स्टॉप (गेमच्या नकाशावर दिसणारी खरी जागा), मारुतीचं देऊळ. तोही कुणीतरी इन्ग्रेस या आधीच्या गेमच्या जमान्यात टाकून गेलेला. जिम, म्हणजे गेममधला लढतीचा अड्डा, खेळायची तर हायवेपर्यंत गाडी काढायची. खेळणारे आम्ही तिघंच: मी, पुतण्या आणि डेअरीवरचं एक पोरगं.

देवळापासून दीडेकशे पावलांवर पिंपळाचा पार आहे. पाराला टेकून तीन वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, उभे आहेत. लहानपणापासून आम्ही त्यांना 'वीराचे दगड' म्हणतो, पोळ्याला बैल तिथून फिरवून आणतात. मधला दगड पाठवला. पहिल्यांदा उत्तर आलं की जागा पटत नाही. दुसऱ्यांदा आलं की हे थडगं आहे. थडगं! आज्याला सांगितलं तर चार दिवस जेवायचा नाही.

मी लिहिलं होतं ते जसंच्या तसं देतो: 'खूप प्राचीन दगड. गावात एकपण जिम नाही, प्लीज मंजूर करा, तीन प्लेअर आहेत.' फोटो संध्याकाळी कामावरून येताना काढला होता. आता काय करू?

पंचगंगा_पोर्टल

दादा, रागावू नका, पण मी तुमचं रिव्ह्यू करत असते तर मीही नाहीच म्हटलं असतं. २०१९ मध्ये वेफेरर (अशा जागा तपासायची साइट) आलं तेव्हापासून रिव्ह्यू करतेय, आणि 'जिम नाही, प्लीज' हे वाक्य इतक्यांदा वाचलंय की आता पाठ झालंय. रिव्ह्यू करणारे म्हणजे तुमच्या-माझ्यासारखे खेळाडूच. त्यांना तुमच्या गावात जिम आहे की नाही याच्याशी घेणंदेणं नाही. त्यांना एवढंच बघायचं असतं: जागा बघण्यासारखी आहे का, किंवा लोक तिथं जमतात का, व्यायाम करतात का. आणि ती कायमची आहे का, चालत सुरक्षित पोचता येतं का. खेळाचं नावसुद्धा काढू नका.

जागा न पटण्याचं कारण तुमचा पिंपळ. सॅटेलाइटवरून नुसती हिरवी छत्री दिसते, खाली दगड आहे की म्हैस बांधलीय कळत नाही. २०२२ ला स्ट्रीट व्ह्यू पुणे, नाशिक, नगर अशा दहा शहरांपासून सुरू झाला, आपल्या वाड्यावस्त्यांत त्याचा भरवसा धरू नका. म्हणून सपोर्टिंग फोटो, म्हणजे आजूबाजूची जागा दाखवणारा, लांबून घ्या. त्यात दगड, पार आणि मागे ओळखू येणारं काहीतरी, म्हणजे देवळाचं शिखर किंवा पाण्याची टाकी, एकत्र यायला हवं. जमलं तर पाराजवळ उभं राहून ३६० अंशांचा फोटो काढून गूगल मॅप्सवर चढवा. माझी दोन नॉमिनेशन्स त्याच्यावरच तरली.

तिन्ही दगड वेगवेगळे पाठवायच्या फंदात पडू नका. पोकेमॉन गोमध्ये नकाशाचे लहानमोठे चौकोन (एस२ सेल) पाडलेले असतात, त्यातल्या लेव्हल १७ च्या एका चौकोनात एकच स्टॉप दिसतो. चौकोन साधारण ७०-८० मीटरचा. तिघांचं मिळून एकच करा. देऊळ दीडेकशे पावलांवर म्हणताय, म्हणजे चौकोन वेगळा पडेल. आणि तुमच्या मनातलं सांगते, कारण कळलंय मला 😄 लेव्हल १४ च्या मोठ्या चौकोनात दुसरा स्टॉप आला की एकाची जिम होते. देऊळ आणि पार त्याच मोठ्या चौकोनात आहेत का, ते एस२ सेलच्या नकाशावर आधी बघून घ्या. मधून रेघ गेली असेल तर स्टॉप मिळेल, जिम नाही.

दगडधोंडे

मी तुमचा खेळ खेळत नाही, वीरगळ शब्द दिसला म्हणून आलो.

थडगं म्हणणाऱ्याला पूर्ण दोष देता येत नाही. हे स्मारकच आहे मेलेल्या माणसाचं, पण खाली कुणाला पुरलेलं नसतं. तेच पहिल्या ओळीत लिहा. मग दगड वाचून दाखवा, खालून वर. सगळ्यात खालच्या कप्प्यात लढाई किंवा पडलेला वीर. तिथं गाई कोरल्या असतील तर तो गोधन वाचवताना गेला असं समजतात. मधे अप्सरा त्याला वर नेताहेत. त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. माथ्यावर कलश, बाजूला चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतं, तेव्हा नाव, साल, 'शिवकालीन', 'पांडवकालीन' असलं काही पदरचं घालू नका. तुमच्याच बाजूचं किकलीचं भैरवनाथाचं देऊळ आणि तिथले वीरगळ अभ्यासकांना चांगले माहीत आहेत, त्याचा उल्लेख जरूर करा.

बाजूच्या दोन दगडांवर कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसतो का? असेल तर ती सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या बाईचा दगड, वीरगळ नव्हे.

हात जोडून एक विनंती. फोटो चांगला यावा म्हणून तारेच्या ब्रशनं घासू नका, शेंदूर खरवडू नका, दगड हलवू नका. सकाळी तिरकं ऊन पडतं तेव्हा कोरीवकाम आपोआप उठून दिसतं.

सिंहगड_रोडवाला

ओपन जिम (गेममधली नव्हे, व्यायामाची) बसवलीय का ग्रामपंचायतीनं? सार्वजनिक वाचनालय? ती लवकर पास होतात, तीही टाकून ठेवा. फक्त झेडपी शाळेच्या आवारात काही नको, शाळेची जागा चालतच नाही.

पंचगंगा_पोर्टल

आणि मजकूर मराठीसोबत इंग्रजीतही द्या. रिव्ह्यूला बंगळूरचा कुणी बसला तर त्याला 'पार' म्हणजे काय कळणार?

कृष्णाकाठचा_गडी

ताई, दगडधोंडे सर, आभारी आहे. जुना फोटो मोठा करून बघितला. कोपऱ्यात माझ्या स्प्लेंडरची नंबरप्लेट आणि वीराच्या छाताडावर माझीच सावली. ओपन जिम आहे, पण शाळेच्या कंपाउंडात, म्हणजे गेलीच.

आज सकाळी सातला गेलो. ऊन आडवं आलं आणि ३५ वर्षांत पहिल्यांदा दिसलं की खालच्या कप्प्यात दोन गाई आहेत. एकीचं शिंग मोडलंय. डावीकडच्या दगडावर हात आहे, बांगड्यासकट. मी आजवर त्याला झाडाची फांदी समजत होतो.

गुडघ्यावर बसून फोटो काढत होतो तोवर गल्लीतल्या दोन आज्या येऊन उभ्या राहिल्या. 'गुप्तधन हुडकतोस व्हय रं?' म्हटलं, न्हाई, गेममधी टाकायचंय. त्यांना गुप्तधनच जास्त पटलं असावं.

नकाशा बघितला, देऊळ आणि पार एकाच मोठ्या चौकोनात आहेत. नाव 'पारावरचे वीरगळ आणि सतीशिळा' असं दिलंय, मजकूर दोन्ही भाषांत. आता व्होटिंगला लागलंय.

जाताना त्यातली एक आजी म्हणाली, 'आडावर बी हाय की तसला एक, माझी सासू त्याच्यावर धुनं बडवायची.' जाऊन बघितलं. आहे खरा, पण पालथा पडलाय आणि वरचं अंग धुण्यानं पार गुळगुळीत झालंय. कडेनं हात घातला तर खाली कोरलेलं बोटांना लागतंय. सर, याला काय करायचं? गावातली चार माणसं मिळून उलटा करू का, की आधी कुणाला तरी विचारायला लागतं?