लहान भाऊ म्हणते स्टीपलचेस पयतो, पयू द्यावं का?

पांढरंसोनं_यवतमाळ
नमस्कार मंडळी. लहान भाऊ बीए सेकंड इयरले आहे, दोन वर्षांपासून पोलीस भरतीची तयारी करून राहिला. 1600 मीटर 4 मिनिट 50 सेकंदात काढते म्हणजे तिथं पूर्ण 20 मार्क (5.10 च्या आत लागते), पण गोळाफेकीत मार खाते. आता तालुक्याच्या ग्राउंडवर एक सर येतात ते म्हणून राहिले की हा पोट्टा 3000 मीटर स्टीपलचेसचा (अडथळे अन पाण्याचा खड्डा ओलांडत पयायची रेस) आहे, दम बी आहे अन उंची बी. मले तर हा शब्दच पहिल्यांदा ऐकू आला. भाऊ म्हणते या रेसवाला अविनाश साबळे बी शेतकऱ्याचाच पोरगा, मग मी काऊन नाही. बाबा म्हणतात वेचणीले माणूस भेटत नाही अन हा बह्याड उड्या मारून राहिला. काल परतीच्या पावसानंतर पाहिलं तर गडी धुऱ्यावरून उड्या मारत पयत होता, काळ्या मातीचा चिखल चिकटून एकेक बूट दोन किलोचा झालता. साबळेचं नेमकं जमलं कसं, अन भरती सोडून याच्या मागं लागू द्यावं का?

फौजीभाऊ_दर्यापूर
भरती सोडू नका, हे पहिले सांगतो. साबळेनं बी सोडली नव्हती. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा त्याचं गाव, शाळा सहा किलोमीटरवर, कधी चालत कधी पयत जाय. पण खेळाडू व्हायचं म्हणून नाही, गाडी नव्हती म्हणून. बारावी झाली अन फौजेत गेला, 5 महार बटालियनमधे. सियाचीन पाहिलं, राजस्थानची रेती पाहिली, सिक्कीम पाहिलं. 2015 मधे क्रॉस कंट्री (ट्रॅक सोडून रानामाळातून पयायची रेस) धरली अन स्टीपलचेस तर 2017 मधे, कोच अमरीश कुमारनं लावली तवा. जन्म 1994 चा, मोजा मग वय किती होतं. पुढच्याच वर्षी भुवनेश्वरले 8 मिनिट 29.80 सेकंद मारून गोपाल सैनीचा 1981 पासूनचा रेकॉर्ड तोडला. म्हणजे आधी पोटाची सोय, मग दम, मग हर्डल. तुमच्या भावाचं वय गेलं नाही, घाई करायचं काही काम नाही.

कोरडवाहू
हो पण एक साबळे झाला म्हणून गावोगाव साबळे होतात का? हजार पोट्टे पयतात त्यातला एक टीव्हीवर दिसते, बाकीचे पुन्हा वावरात. अन तो तरी कुठं सुखात आहे, 2025 च्या जुलैत मोनॅकोच्या रेसमधे पडला, गुडघ्याची एसीएल (हाडं बांधून ठेवणारी पट्टी) गेली, ऑपरेशन करावं लागलं.

फौजीभाऊ_दर्यापूर
@कोरडवाहू पडणं तर या रेसमधे आहेच बावा. 2019 ले दोहाच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमधे हीटमधे (फायनलच्या आधीची रेस) दुसऱ्याच्या पडण्यात अडकला, तरी स्वतःचाच रेकॉर्ड तोडला, इंडियानं अपील केलं अन त्याले फायनलमधे घेतलं. फायनलमधे अजून खाली आणला, 8.21.37. टोकियो ऑलिम्पिकले 8.18.12 काढून बी फायनल हुकली, माझा तर त्या दिवशी चहा थंडा झाला. अन 2022 ले बर्मिंगहॅम कॉमनवेल्थ! 1998 पासून तिन्ही मेडल केनियावालेच घेऊन जात होते दर वेळी, हा त्यांच्यात घुसला अन सिल्वर आणलं. गोल्ड फक्त 0.05 सेकंदानं गेलं, पापणी लवते तेवढ्यात. मग हांगझोऊ एशियाडले गोल्ड, 2024 मधे पॅरिस डायमंड लीगले (जगातल्या मोठ्या खेळाडूंची दरवर्षीची स्पर्धा) 8.09.91 अन त्याच पॅरिसमधे ऑलिम्पिक फायनल, अकरावा आला. अकरावा म्हणून हसू नका, आपला कोणताच पुरुष त्याआधी या रेसच्या फायनलले पोचला नव्हता.

वऱ्हाडची_ताई
मी कॉलेजला असताना दोन वर्षं स्टीपलचेस पळाले म्हणून लिहिते. सगळ्यात आधी, धुऱ्यावरून उडी आणि बॅरिअरवरून (या रेसमधला आडवा अडथळा) उडी सारखी नाही. साध्या हर्डल रेसमध्ये पाय लागला की हर्डल पडतं, इथलं पडत नाही. 80 ते 100 किलोचं लाकडी धूड असतं, तुम्हीच पडता. पुरुषांना 91.4 सेंटिमीटर, बायांना 76.2. सुरुवातीला अर्ध्या राउंडपर्यंत काही नसतं, मग प्रत्येक राउंडला पाच उड्या, त्यातली चौथी पाण्याची. एकूण 28 साध्या अन 7 पाण्याच्या. पाण्याच्या वेळी बॅरिअरवर पाय देऊन जोरात पुढं झेप घ्यायची, कारण खड्डा बॅरिअरजवळ खोल असतो अन पुढं उथळ होत जातो, जितकं लांब पडाल तितकं पाणी कमी. आमच्या कॉलेजच्या ग्राउंडवर खड्डाच नव्हता, मी तो पहिल्यांदा थेट स्पर्धेत पाहिला, भीतीनं सरळ खालीच उतरले, मांडीपर्यंत पाणी, पुढचे तीन राउंड ओले बूट फचफच करत, शेवटून दुसरी आले 😄 आणि त्याआधी घरी शहाणपणा करून सिमेंटच्या नालीच्या कठड्यावरून प्रॅक्टिस केली होती, नडगीवरचा डाग अजून आहे. तर भावाला सांगा, दोन खुंट्यांवर तुराटी आडवी ठेवायची, लागली की पडली पाहिजे. गुडघ्यापासून सुरुवात, दोन्ही पायांनी उडी यायला पाहिजे, कारण गर्दीत कोणता पाय समोर येईल सांगता येत नाही. उडीआधी स्पीड कमी करायची नाही, हे शिकण्यातच वर्ष जातं. आणि पोरींसाठीपण रस्ता आहे बरं का, साताऱ्याच्या मोहीची ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिम्पिकला फायनल पळाली, दहावी आली.

पांढरंसोनं_यवतमाळ
ताई, फौजीभाऊ, लय उपकार. ठरलं असं की भरतीचा फॉर्म भरायचाच, गोळ्याची प्रॅक्टिस बी चालू, अन आठवड्यातून तीन दिवस सरांकडं. सिमेंटच्या नालीचं त्याले वाचून दाखवलं तर गप्प बसला, म्हणजे तिथं बी उड्या मारून झाल्या असतीन त्याच्या. तुराट्या मागायले गेलो तर बाबा म्हणे चुलीसाठी ठेवल्या आहेत, वीस देतो मोजून, मोडल्या तर पुढच्या तुरीपर्यंत मागू नका. आज सकाळी पाहतो तर खुंट्या बाबानंच ठोकून ठेवल्या होत्या. पण अंतर चुकलं ताई, दोन उड्यांत मोकळी जागा किती सोडायची?

वऱ्हाडची_ताई
ट्रॅकवर साधारण 80 मीटर असते. पण बाबांना म्हणा आत्ता मोजत बसू नका, एकच नीट जमू द्या.