अनुभव धागा: गेम लाइव्ह करणाऱ्यांनो, पैसा खरंच चालवतो का तुम्हाला?

ओसरीवाला:
आपल्यापैकी बरेच जण यूट्यूबवर, किंवा लोको, ट्विच अशा ॲपवर गेम लाइव्ह करतात, म्हणजे खेळताना थेट दाखवतात, किंवा कधीतरी करून बसलेत. बाहेरच्यांचं ठरलेलं मत म्हणजे ही पोरं पैशासाठी करतात, आणि करणाऱ्यांचं ठरलेलं उत्तर म्हणजे छे छे, पॅशन आहे. मला दोन्ही उत्तरं अर्धवट वाटतात. म्हणून ज्यांनी केलंय त्यांनीच लिहा. पैसे यायला लागल्यावर नक्की काय बदललं, नाही आले तर का सोडलं किंवा का नाही सोडलं. आकडे सांगायची सक्ती नाही, पण गोलगोल पण बोलू नका. स्वप्नांचा पाठलाग करा टाइप भाषणांसाठी कृपया वेगळा धागा काढावा.

कराडचा_कॅम्पर:
पहिला नंबर माझा. सुरुवात २०२० च्या लॉकडाउनमध्ये, पबजी, फोन तापायचा म्हणून मागे टेबल फॅन, आणि लाइव्ह करायचं कारण एवढंच की कॉलेजची पोरं गावोगाव अडकलेली, तेवढीच बघायची. पैशाचा विचारच नव्हता, कारण ते मिळतात कसे हेच माहीत नव्हतं. सप्टेंबरमध्ये पबजीवर बंदी आली, सगळं थंड. जुलै २०२१ ला बीजीएमआय (पबजीचाच भारतासाठीचा अवतार) आल्यावर परत बसलो ते मात्र ठरवून. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला लागतात १००० सबस्क्राइबर आणि वर्षभरात ४००० तास वॉचटाइम, म्हणजे लोकांनी बघितलेला वेळ. लाइव्हवाल्यांचे तास त्यामानाने लवकर होतात (व्हिडिओ नंतर डिलीट करू नका, पब्लिक राहिला तरच तास धरतात), सबस्क्राइबर रडवतात. खात्यात दहा डॉलर झाले की गुगल घरच्या पत्त्यावर पिन पाठवतं. ते पाकीट घेऊन पोस्टमन आला आणि आळीत बातमी, ह्याला गुगलचं पत्र आलं. नोकरी लागली असा समज. मी पण कशाला खोडून काढू.

१०० डॉलर जमल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत, त्याला बराच काळ गेला. रक्कम काही फार नव्हती ओ, पण बँकेचा मेसेज वडिलांना दाखवला आणि घरातलं वारंच फिरलं. आधी रात्री दहाला राउटर काढून ठेवणारा माणूस आईला म्हणायला लागला, त्याला लवकर वाढ, त्याचं लाइव्ह असतंय. मला विचाराल तर पैशाने मी नाही पेटलो, घरचे पेटले. मी तर आधीपण खेळतच होतो.

मग २८ जुलै २०२२ ला बीजीएमआय स्टोअरवरून गेला तो थेट मे २०२३ ला परत आला. ज्यांच्या फोनमध्ये होता त्यांचा काही काळ चालायचा, पण बघणारे पांगले. दुसरे गेम लावून बघितले, कोण थांबतंय, ते गेमसाठी यायचे, माझ्यासाठी थोडीच. उत्पन्न जवळजवळ शून्यावर. त्या काळात फक्त रविवारी कस्टम रूम (आपल्याच लोकांची खासगी मॅच) लावायचो, तीच जुनी पोरं, शिव्या देत आरामात. आणि गंमत बघा, वडील परत राउटरवर आले.

सौ_हेडशॉट:
नागपूरहून. व्हॅलोरंट (नेमबाजीचा गेम) खेळते, आवाज असतो, फेसकॅम म्हणजे चेहऱ्यावरचा कॅमेरा नसतो. माझा अनुभव थोडा उलटा आहे, पैसे सुरू झाल्यावर मजा कमी झाली. आधी चॅटमध्ये कुणी फालतू बोललं की मॉडरेटरला सांगून उडवायचं, विषय संपला. सुपरचॅट (पैसे टाकून चॅटमध्ये ठळक दिसणारा मेसेज) सुरू झाल्यावर तोच माणूस चाळीस रुपये टाकून तेच बोलतो आणि वर म्हणतो पैसे दिलेत, वाच ना. एकदा तर कॅमेरा ऑन कर म्हणून दोघांनी आळीपाळीने सुपरचॅट टाकले, जणू लिलाव चालू आहे. त्यातले तीस टक्के यूट्यूब कापतं ते वेगळंच.

शेवटी सुपरचॅट बंद केलं, मेंबरशिप (महिन्याची वर्गणी) तेवढी ठेवली. मेंबर होणारा महिनाभर टिकतो, त्याला खेळ बघायचा असतो, एका वाक्याचं भाडं भरायचं नसतं. कमाई पडली, साहजिक आहे. पण आठवड्यातले जास्त दिवस बसते आता, आधी टाळाटाळ व्हायची. म्हणजे माझ्या केसमध्ये कुठला पैसा हे जास्त महत्त्वाचं निघालं.

कराडचा_कॅम्पर:
ताई, एका वाक्याचं भाडं 👌 चोरणार आहे हे.

प्यादं_नाशिकचं:
बुद्धिबळवाले पण चालतील ना धाग्यात? २०२० मध्ये कॉमेडियन समय रैनाने चेसचे लाइव्ह सुरू केले, आमचा नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी त्यात असायचा, आणि ज्यांना घोडा अडीच घर चालतो एवढंच माहीत ते लोक रात्री तीन तीन तास चेस बघायला लागले. त्या स्ट्रीम्सवर मदतनिधी पण गोळा व्हायचा. मी त्याच लाटेत चॅनल काढला. जाहिरातींचे पैसे म्हणाल तर सांगायला लाज वाटेल इतके, आजही. पण मला त्यातून शिकवण्या मिळाल्या. कोल्हापूर, संभाजीनगर, एक मुलगी तर मस्कतहून. पालक आधी चार लाइव्ह बघतात, सर ओरडतात का, हरल्यावर काय करतात, मग फोन. त्यामुळे माझ्यासाठी स्ट्रीम म्हणजे दुकानाबाहेरची पाटी आहे, पाटीला कोण पगार मागतं. मात्र शिकवण्या बंद पडल्या तर लाइव्ह करेन का? रोज नाही करणार, स्पष्ट सांगतो.

जर्सीकर:
न्यू जर्सीहून. माझा प्रयोग परिस्थितीने करून घेतला. एच-वन-बी, म्हणजे इथल्या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरीबाहेर दुसरं काम करून कमवता येत नाही, त्यामुळे ट्विचवर कित्येक वर्षं मॉनेटायझेशन (पैसे मिळायची सोय) मुद्दाम बंद. गेम एज ऑफ एम्पायर्स २, शनिवारी रात्री, मराठीत कॉमेंट्री. ॲफिलिएट म्हणजे ट्विचवर कमाई सुरू व्हायची पहिली पायरी, तिच्या अटी तेव्हा ५० फॉलोअर आणि सरासरी तीन जण बघणारे वगैरे होत्या, ऐकायला सोप्पं आहे पण सरासरी तीन काढायला बायकोला दुसऱ्या लॅपटॉपवर बसवायला लागतं (तिने नकार दिला).

ग्रीन कार्ड आल्यावर ॲफिलिएट घेतलं. सबचे (महिन्याची वर्गणी भरणाऱ्यांचे) निम्मे पैसे ट्विच ठेवतं, उरलेल्यात महिन्याची भाजी पण येत नाही, आणि आमचा पगार बरा असल्याने त्या पैशाची गरजही नाही. तरी माणूस बदलतो हो. आधी मी मॅच हरलो की दुसरी लावायचो. आता एका बाजूला सब किती, कोण गेलं, मागच्या शनिवारपेक्षा कमी का, हे डोक्यात. खेळताना नजर त्या आकड्यावर. शेवटी बघणाऱ्यांचा आकडा स्क्रीनवरून लपवून टाकला, आता बरं चाललंय. पैसे बंद नाही केले मात्र. का नाही केले हे मला पण सांगता येत नाही.

बाई_वर्गात_आहेत:
मी बीएड कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, स्ट्रीमिंग माझा मुलगा करतो. जर्सीकर, तुमच्या अनुभवावर जुने प्रयोग आहेत. एडवर्ड डेसीचा १९७१ चा, कोडी सोडवायला पैसे दिलेले कॉलेजचे विद्यार्थी पैसे थांबल्यावर त्या कोड्यांकडे कमी वळले. आणि १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतली चित्रं काढायची आवड असलेली मुलं घेतली, काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर बक्षीस मिळेल. नंतर मोकळ्या वेळात तीच मुलं कमी चित्रं काढायला लागली. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस दिलं त्यांच्यात मात्र ही घट नव्हती. अचानक आलेला सुपरचॅट आणि दर महिन्याला अपेक्षित असलेली रक्कम यात हाच फरक असावा.

उधारी_बंद:
मॅडम, त्या बालवाडीतल्या पोरांना फोनचा हप्ता नव्हता भरायचा.

माझं ऐका. मी पैशासाठीच आलो, पैशासाठीच केलं. फ्री फायर, रात्री नऊ ते दोन. गेम मला विशेष आवडायचा पण नाही. बारावीनंतर शिकणं शक्य नव्हतं, गावात काम म्हणजे दुसऱ्याच्या शेतावर, आणि फोन हातात होता. फेब्रुवारी २०२२ ला फ्री फायर बॅन झाला तर त्याच्याच दुसऱ्या आवृत्तीवर, फ्री फायर मॅक्सवर गेलो, सगळेच गेले. जाहिरातीच्या पैशात काही दम नाही, खरा पैसा यायचा प्रमोशनचा, फँटसी टीम लावा, रमी खेळा, पहिल्या डिपॉझिटवर बोनस. एका व्हिडिओचे तेवढे मिळायचे जेवढे यूट्यूब तीन महिन्यात देत नव्हतं. त्यात बहिणीची फी भरली, पत्रे काढून स्लॅब टाकला. ऑगस्ट २०२५ ला कायदा आला, पैसे लावून खेळायचे गेम बंद आणि त्यांची जाहिरात पण बंद, त्याच आठवड्यात सगळी प्रमोशनं गायब. एकाने तर आधीच्या दोन व्हिडिओंचे पैसे पण बुडवले, फोनच उचलत नाही. आता मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात आहे. लाइव्ह बंद. आठवण येते का? चॅटमधल्या पोरांची येते, गेमची नाही.

ओसरीवाला:
उधारी_बंद, खरं लिहिलंस, आभार. पण विचारतोच, ते रमीचं बघून तुझ्याच चॅटमधल्या कुणाचे पैसे गेले असतील हे डोक्यात यायचं का?

उधारी_बंद:
यायचं. स्लॅब टाकताना नाही यायचं.

बार्देशकार:
म्हापशाहून, रिटायर्ड. ट्रक सिम्युलेटर लाइव्ह करतो, युरोपात माल पोचवतो, दिवसाढवळ्या. पाच-सहा माणसं बघतात, त्यातली दोन जहाजावर असतात. नाट्यसंगीत लावायचो पण कॉपीराइटचा दावा येतो म्हणून आता गप्पा मारतो. पैसा शून्य, वर स्टिअरिंग व्हील घेतलं ते धरून वजाच. नातू म्हणतो आजोबा थंबनेल (व्हिडिओवरचं चित्र) बदला. नाही बदलणार.

आई_बारावीची:
सगळं वाचलं. माझा मुलगा बारावीला आहे, म्हणतो ह्यातच करिअर करणार, महिन्याला चांगले येतात. मला यातलं काही कळत नाही. खरं बोलतोय का कसं ओळखायचं?

कराडचा_कॅम्पर:
काकू, भांडू नका, फक्त त्याला यूट्यूब स्टुडिओ उघडायला सांगा आणि कमाईचा टॅब बघा, एका महिन्याचा नको, वर्षभराचा. परीक्षेच्या काळात रेषा कुठे आपटते ते बघा, खात्यात पडलेले पैसे बँकेच्या स्टेटमेंटशी जुळवा. अजून अठरा पूर्ण नसेल तर ॲडसेन्स (गुगलचं पैसे जमा व्हायचं खातं) तुमच्या किंवा मिस्टरांच्या नावावर असायला हवं, नसेल तर कुणाच्या नावावर पैसे जातायत ते आधी विचारा. आणि अमेरिकेच्या टॅक्सचा फॉर्म भरलाय का ते पण. तो नसला तर सगळ्या जगातल्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कापू शकतात, भरला असला तर भारत-अमेरिका कर-करारामुळे फक्त अमेरिकेतल्या बघणाऱ्यांच्या कमाईवर १५. पोराला हे माहीत असेल तर तो धंदा म्हणून बघतोय. माहीत नसेल तर खेळतोय, खेळू दे, पण मग क्लासची फी भरून ठेवा.

आई_बारावीची:
ॲडसेन्स माझ्या नावावर आहे म्हणतोय!! मला न विचारता. बघते आता.