मदत हवी आहे: गाडीच्या पेट्रोल टाकीखाली (दगडांपासून बचावाला) कुठली प्लेट टाकू? रविवारच्या आत पाहिजे

दगडावर_बसलो
नमस्कार मंडळी, सरळ मुद्द्यावर येतो. गेल्या रविवारी ऑफरोडिंगला कर्जतच्या पुढे ओढ्यातून वर चढताना मागून ठण्णकन आवाज आला, उतरून बघतो तर टाकी दगडावर बसलेली. पोचा आलाय. येत्या रविवारी परत जायचंय, पैसे भरून झालेत. आता एक जण म्हणतो तीन एमएम लोखंड बास, दुसरा म्हणतो चारच्या खाली घेऊच नको, आणि ऑनलाइन अ‍ॅल्युमिनियमची दिसतेय ती दुप्पट किमतीला. कुठली घेऊ? शनिवारी फॅब्रिकेटरकडे जातोय, तेव्हा प्लीज लवकर.

खड्डेवीर_ठाणे
गाडी कुठली?

लोखंडी_चणे
गाडी कुठलीही असू दे, चार एमएम एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) प्लेट. दारूखान्यात (मुंबईत रे रोडजवळचा लोखंडबाजार) जा, कापून देतात वजनावर. (घरी सांगताना जपून, मी 'दारूखान्यात चाललोय' म्हटलं तर सासूबाईंनी तोंड फिरवलं होतं.) माझ्या गाडीला आठ वर्षं तीच आहे, ठोकून ठोकून परत सरळ करतो. अ‍ॅल्युमिनियम म्हणजे नुसती फॅशन.

पाना_नंबर_१४
आठ वर्षं मुंबईच्या खाऱ्या हवेत? गंजाचा फोटो टाका की चणेसाहेब.
आता हिशोब. प्लेट समजा ७५ बाय ५५ सेंमी. तीन एमएम लोखंड भरेल पावणेदहा किलोच्या आसपास, चार एमएम म्हणजे तेरा किलो. पाच एमएम अ‍ॅल्युमिनियम साडेपाच किलो, आणि वाकायला तीन एमएम लोखंडापेक्षा कडक, कारण कडकपणा जाडीच्या घनाने (तिसऱ्या घाताने) वाढतो. फक्त ५०५२ ग्रेड मागा. ६०६१ टी६ कडक असतं पण पत्रा वाकवायच्या मशीनवर (प्रेस ब्रेक) वाकवताना घडीला चीर जाते.

लोखंडी_चणे
हिशोब कागदावर. दगडावरून घसरताना लोखंड सरकतं, अ‍ॅल्युमिनियम खरवडतं आणि अडकून बसतं. आणि बोल्ट लोखंडाचे लावलेत की जोडाला अ‍ॅल्युमिनियम झिजून पांढरी पावडर, त्याचा फोटो तुम्ही टाका.

पाना_नंबर_१४
मधे रबर नाहीतर नायलॉनचा वॉशर टाकायचा, एवढं साधं आहे.

मुलुंडची_मावशी
मी म्हणेन आधी टायर बदला, तुमचे एटी (ऑल-टेरेन, कच्च्या रस्त्यालाही चालणारे) आहेत का एचटी (हायवेचे)? पोटावर बसायची वेळच येत नाही टायर चांगले असले की. आणि पाऊस तोंडावर आलाय, स्नॉर्केलचा (पाण्यातून जाताना इंजिनला वरून हवा देणारी नळी) विचार केलाय का?

दगडावर_बसलो
मावशी, टायर नवे आहेत. स्नॉर्केल नकोय. प्लेट. गाडी मारुती जिप्सी हो, अजून कुठली असणार.

खड्डेवीर_ठाणे
'अजून कुठली' काय, अर्धी जनता थार घेऊन फिरतेय. जिप्सी म्हणजे टाकी मागच्या एक्सलच्या मागे लोंबते, म्हणून चढाला बसली, डिपार्चर अँगलचा (मागचा भाग न टेकता किती चढ निघतो त्याचा) विषय आहे. खाली कंपनीचा पत्रा होता का? आणि लिफ्ट केलीय का, म्हणजे सस्पेन्शन उंच केलंय का?

दगडावर_बसलो
खाली काही नाही. आधीच्या मालकाने काढलं की कधी नव्हतंच, माहीत नाही. लिफ्ट नाही. ३ की ४?

आरटीओ_एजंट_नव्हे
जिप्सी कुठल्या सालची? १५ वर्षं झाली असतील तर री-पासिंग आणि पर्यावरण कर भरलाय ना? आणि २०१७ च्या डिसेंबरात केंद्राने बुलबारवर (बंपरपुढच्या लोखंडी दांड्यांवर) बंदी आणली तशी उद्या यावरही आणतील.

मुलुंडची_मावशी
बुलबार पुढे असतो हो, पादचाऱ्यांना लागतो म्हणून बंदी. टाकीखाली कोण पादचारी चाललाय?

गॅरेज_काका
मी कुर्ल्याला तीस वर्षं हेच काम करतो म्हणून लिहितो, नाहीतर मी नुसता वाचतो. जाडीवर भांडताय, भांडा, तीन एमएम लोखंड जिप्सीला पुरतं. पण प्लेट अडकवणार कशाला ते कोणीच विचारलं नाही. टाकीच्या पट्ट्यांना बांधली तर दगडाचा सगळा मार पट्ट्यांवर आणि टाकीवरच जाणार, मग प्लेट नसलेली बरी. चॅसिसच्या दोन्ही बाजूंना ब्रॅकेट, मधे आडवी पट्टी, आणि टाकी आणि प्लेटमध्ये बोटभर तरी जागा, कारण प्लेट वाकणारच, वाकायलाच टाकतो आपण. खाली भोकं पाडा, निचऱ्याच्या बोल्टसमोर तर मोठंच, नाहीतर कर्जतचा चिखल आत बसून टाकी वरून नव्हे, खालून सडवतो. बोल्टची डोकी प्लेटमध्ये बुडवून घ्या, पहिल्याच दगडावर तासली जातात. सायलेन्सरचा पाइप जवळून जातो तिथे प्लेट कापा.
आणि बाळा, पोचा आलाय म्हणतोस, गळती बघितलीस का?

दगडावर_बसलो
गळती नाही काका. फक्त टाकी फुल केली की गाडीत पेट्रोलचा वास येतो, पण अर्ध्या टाकीला नाही येत. तो आधीपासून असेल.

खड्डेवीर_ठाणे
'फक्त'!!! अहो हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं.

गॅरेज_काका
आधीपासून असेल की रविवारपासून, ते नीट आठव. अर्ध्याला नाही आणि फुल केली की वास, म्हणजे वरच्या भागात कुठेतरी शिवण उघडलीय नाहीतर नळीची क्लिप सुटलीय. फॅब्रिकेटरकडे गाडी नेऊन ब्रॅकेटचं वेल्डिंग टाकी लावलेली असताना करून घेऊ नकोस, हात जोडतो. टाकी रिकामी करून नेतो असंही म्हणू नकोस, रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट, आत सगळी वाफ असते. टाकी उतरव, जुन्या रेडिएटरवाल्याकडे दे, तो धुऊन आत पाणी भरून डाग देऊन सांधतो. प्लेटचं नंतर.

लोखंडी_चणे
काकांना सलाम. पण प्लेट चारच घ्या.

पाना_नंबर_१४
परत सुरू झाले हे.

वडापाव_संशोधक
अवांतर: कर्जत स्टेशनबाहेरचा वडा आता पूर्वीसारखा राहिला नाही, हे फक्त मलाच वाटतं का?

मुलुंडची_मावशी
वडा तोच आहे, तुमचं वय झालं.

दगडावर_बसलो
आत्ता पार्किंगमध्ये टॉर्च घेऊन आडवा झालो. फिलरची नळी जिथे टाकीत शिरते तिथे बोट ओलं झालं. वॉचमन विचारतोय साहेब काय हरवलं. काकांचा नंबर मागू शकत नाही इथे, पण कुर्ल्यात कुठे ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज. शनिवारी टाकी उतरवतोय, प्लेट पुढच्या महिन्यात, तीन एमएम. (चणेसाहेब, सॉरी.)
रविवारचे पैसे परत मिळत नाहीयेत. कोणाच्या गाडीत मागे जागा आहे का?

खड्डेवीर_ठाणे
जागा आहे. ठाण्याहून साडेपाचला निघतोय. गाडी ओढायचे दोन टोचनपट्टे आणि कुत्रा मांडीवर घ्यावा लागेल.