मदत हवी आहे: कोशिंबाची पालवी फोटोत नुसता लाल ठिपका होते

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, वर्षभरापासून रानातल्या पानांचे फोटो काढतोय. आपल्याकडे ऑक्टोबरात रान हिरवंच असतं. रंग चढतो फाल्गुन-चैत्रात, आणि तोही पानं गळताना नाही, फुटताना. त्यातही कोशिंबासारखं झाड नाही.

परवा राधानगरीच्या वाटेवर एक भरात आलेला कोशिंब दिसला. शेंड्याची पानं गर्द लाल, मऊ, खाली लोंबणारी; त्याखालची तांबूस, आणि जुन्या डहाळीकडे पोपटी. शिरा पिवळसर, स्पष्ट दिसत होत्या. फोटोत मात्र यातलं काहीच नाही! शिरा गायब, सगळी पानं एकाच लाल रंगात थापल्यासारखी. वेळ सकाळी अकराची, लेन्सचं छिद्र एफ ८, शटर १/५०० सेकंद, आयएसओ (संवेदनशीलता) २००, व्हाइट बॅलन्स (रंगछटेची जुळवणी) ऑटो, फाइल जेपेग. पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) घ्यावा का? पालवी बघता बघता हिरवी होईल, म्हणून घाई आहे. जाणकारांनी सांगा की.

प्रतिसाद:
दादा, लेन्सचा दोष नाही. कॅमेरा लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनलांत रंग नोंदतो, आणि लाल पानांत लाल चॅनल सगळ्यात आधी भरून जातो. एकत्रित हिस्टोग्राममध्ये (उजेडाच्या आलेखात) ते कळत नाही, म्हणून तिन्ही रंगांचा वेगवेगळा लावा. लाल आलेख उजव्या कडेला टेकला तर एक्स्पोजर पाऊण-एक स्टॉप उतरवा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, सावल्या नंतर उचलता येतात. व्हाइट बॅलन्स उन्हावर ठेवा. ऑटो लालपणा खाऊन टाकतो.

अकराचं ऊन मात्र सोडा. सातला जा, सूर्य पानांच्या मागे घ्या, शिरा आपोआप उमटतात. फक्त मागे आभाळ नको, सावलीतला डोंगर किंवा दाट झाडी असू दे. पोलरायझर जरूर घ्या, पानांवरची पांढरी चकाकी तोच काढतो. पण सूर्य बाजूला असताना. समोरून ऊन येत असेल तर फारसा उपयोग नाही. आणि दीड-दोन स्टॉप उजेड जातो, तेव्हा ट्रायपॉड न्या. वारा असेल तर आयएसओ वाढवा, शटरचा वेग कमी करू नका.

गावात पिंपळाची तांबूस पालवीही बघा. गळतानाचाच लाल हवा असेल तर थंडीत देशी बदाम.

मूळ प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. फोटो पुन्हा उघडून पाहिला, लाल आलेख खरंच कडेला चिकटलाय, हिरवा-निळा मध्येच आहेत. झाडाच्या पश्चिमेला सावलीतली टेकडी आहे, पण सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणजे पानांमागून ऊन हवं तर मागे टेकडी येणार नाही. संध्याकाळी गेलो तर टेकडी आणि सूर्य दोन्ही एकाच बाजूला येतील. सूर्य टेकडीच्या माथ्यावर टेकायच्या आधी अर्धा तास, असं चालेल का?