झाकली मूठ नवरा-बायकोत पण ठेवायची का?

अन्नपूर्णा रोड
लांबलचक लिहितेय, पण कोणाशी तरी बोलायचंच होतं. मी ४१, इंदूरचीच, माहेर-सासर दोन्ही इथलंच. गेल्या वर्षी पितृपक्षाच्या थोडं आधी नवऱ्याची नोकरी गेली आणि मला ते कळलं दिवाळीच्या तोंडावर. मधले दोन महिने हा माणूस रोज सकाळी नऊला इस्त्रीचा शर्ट घालून, मी भरलेला डबा घेऊन गाडीवर बसून जायचा आणि साडेसहाला घरी यायचा. डबा रिकामा. पगाराच्या तारखेला खात्यात पैसे पण यायचे, ती एफडी मोडली होती हे नंतर समजलं.

कळलं कसं तर मोज्यांमुळे. धुवायला टाकलेले मोजे सुलटे करत होते तर बोटाला टोचलं, बघते तर सगळी कुसळं. विजय नगरला चौथ्या मजल्यावर एसीत बसणाऱ्या माणसाच्या मोज्यात कुसळं कुठून येणार? दोन दिवस गप्प बसले, तिसऱ्या दिवशी परत तेच, मग विचारलं. तो पलंगाच्या कडेला बसला, बराच वेळ मोज्यांकडेच बघत राहिला आणि म्हणाला मी नेहरू पार्कात बसतो.

नोकरी गेली त्याचं वाईट वाटलं पण राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. का नाही सांगितलं विचारलं तर म्हणाला, "तुझ्या नजरेतून उतरलो असतो." सोळा वर्षं झाली लग्नाला! म्हणजे इतकी वर्षं मी याच्या पगाराशी संसार करत होते असं याला वाटत होतं का? त्याने स्वतःची किंमत पगाराएवढी धरली ते एक, पण माझी पण तेवढीच धरली ना. माझं तर आता मत झालंय की आपल्या माणसापुढे मूठ झाकणं म्हणजे त्या माणसाचा अपमान. सासूबाई म्हणतात झाकली मूठ सव्वा लाखाची, पुरुषमाणूस असाच असतो, सोडून दे. मला सोडता येत नाहीये. तुम्हाला काय वाटतं ते स्पष्ट सांगा.

सहावा मजला
ताई, तुमच्या सासूबाई बरोबर बोलून राहिल्यात. तुम्ही ऐकणाऱ्याच्या बाजूने लिहिलंय, एकदा सांगणाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. मी सांगितलं होतं. तीन वर्षांपूर्वी मला लिफ्टमध्ये त्रास व्हायला लागला, दार बंद झालं की छातीत धडधड, तळहाताला घाम, एकदा तर दुसऱ्याच मजल्यावर उतरून पायरीवर बसून राहिलो. महिनाभर कोणाला बोललो नाही, मग एका रात्री बायकोला सांगितलं. तिने नीट ऐकलं, पाठीवरून हात फिरवला, आणि इतकं हलकं वाटलं की कितीतरी दिवसांनी सकाळपर्यंत सलग झोपलो.

पंधरा दिवसांनी मेहुणीच्या मुलाची मुंज होती, कार्यालयात जेवणाचा हॉल वरच्या मजल्यावर. साडू भर पंगतीत म्हणतो, "काय, लिफ्टने आलात की कोणी हात धरून आणलं?" सगळे हसले. बायको पण हसली. तिने आईला सांगितलं होतं, काळजीनेच सांगितलं असणार, आईने मेहुणीला, मेहुणीने साडूला. माझ्या ताटात श्रीखंड होतं, ते तसंच टाकून मी उठू पण शकलो नाही कारण पंगत चालू होती. त्या दिवसापासून घरी मी माझं काही बोलत नाही. सहा मजले रोज चढतो, तिला सांगितलंय वजन कमी करायचंय.

तुम्ही अपमान म्हणता, तो मी त्या पंगतीत खाल्ला. तुमच्या नवऱ्याने स्वतःला वाचवलं, त्याला दोष देऊ नका.

विजयनगर २७
दोघांचंही वाचून कसंतरी झालं. पण मला मूळ प्रश्न वेगळा वाटतो. आपली किंमत दुसऱ्याच्या नजरेत बघायचीच कशाला, मग ती नजर बायकोची का असेना? माझा साखरपुडा झाल्यावर लग्न मोडलं. सहा महिने मी हेच शोधत होते की माझ्यात काय कमी होतं, केस, रंग, पगार, बोलणं, सगळं तपासून झालं. मग एक दिवस ठरवलं की त्या मुलाच्या नकाराने माझी किंमत ठरणार नाही, बस. काकांनी पण स्वतःला हेच सांगायला हवं होतं, नोकरी गेली, मी आहे तोच आहे. ते बायकोच्या तोंडून ऐकायची गरज का पडावी?

एमए सायकॉलॉजी
विजयनगर, तू सावरलीस ते खरंच मोठं आहे, पण माणूस असा पूर्ण सुटा नसतो. मार्क लिअरी हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडलं होतं की आत्मसन्मान हा गाडीतल्या पेट्रोलच्या काट्यासारखा असतो, आपण आपल्या लोकांना हवे आहोत की नकोसे झालो आहोत हे तो दाखवतो. काटा खाली गेला की माणूस अस्वस्थ होतो, आणि हे सगळ्यांचंच होतं, तो काही कमजोरपणा नाही. जेनिफर क्रॉकर आणि कॉनी वुल्फ यांनी २००१ मध्ये दुसरी गोष्ट मांडली, की प्रत्येकजण आपली किंमत वेगवेगळ्या खुंट्यांना टांगतो, कोणी यशाला, कोणी रूपाला, कोणी घरच्यांच्या प्रेमाला, कोणी देवाला. काकांची सगळी किंमत बहुतेक नोकरीच्या एकाच खुंटीवर होती, ती निघाली आणि सगळं खाली आलं. आपल्याकडे मुलांना लहानपणापासून तीच एक खुंटी ठोकून देतात, "कमवता झाला की माणूस झाला". मग पगार थांबला की तो स्वतःला काय समजणार?

आणि सांगायचा उपयोग असतो. जेम्स कोन यांचा २००६ चा प्रयोग आहे, १६ विवाहित बायकांना एमआरआय मशीनमध्ये झोपवलं आणि अधूनमधून विजेचा हलका झटका बसू शकेल असं सांगितलं. कधी नवऱ्याने हात धरला, कधी अनोळखी माणसाने, कधी कोणीच नाही. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची खळबळ सगळ्यात कमी होती.

सहावा मजला
१६ बायका म्हणजे किती, आमच्या बिल्डिंगच्या भिशीत याहून जास्त आहेत. आणि हात नवऱ्याने बायकोचा धरला. पुरुषाचा हात कोण धरतं?

एमए सायकॉलॉजी
दादा, संख्या लहान आहे हे मान्य. आणि अर्धी गोष्ट मी सांगायची राहिले, ती तुमच्याच बाजूची आहे. ज्यांचं लग्न जास्त सुखाचं होतं त्यांना त्या हाताचा जास्त फायदा झाला. म्हणजे नुसतं नवरा किंवा बायको असून भागत नाही, तो हात भरवशाचा लागतो. तुमचा भरवसा मोडला, तुम्ही गप्प झालात यात तुमची चूक मी काढणार नाही. पण सहा मजले चढून ती भीती जात नाही हो, लिफ्ट टाळत राहिलं की ती उलट मुरते. यावर उपचार आहेत. घरी सांगायचं नसेल तर मनाच्या त्रासावर बोलायला टेलीमानस हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आहे, २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे. तिथून पंगतीत गोष्ट जात नाही.

रामबाग
मी ६७ वर्षांची आहे, नातवाने टाइप करायला शिकवलंय, चुका झाल्या तर समजून घ्या. तुम्ही सगळे बोलण्याला फारच मोठं करून राहिलात. आमच्या यांनी ३८ वर्षांत कधी मला भीती वाटते असं म्हटलं नाही आणि मी पण म्हटलं नाही. पण मला कावीळ झाली तेव्हा दीड महिना रोज हे राजवाड्याकडून उसाचा रस आणायचे, सायकलवर, स्टीलच्या डब्यात, वर ओलं फडकं बांधून, एक थेंब सांडायचा नाही. मला कळायचं की हा माणूस घाबरलाय. ते त्यांनी तोंडाने सांगितलं असतं तर मीच जास्त घाबरले असते.

अन्नपूर्णा रोडच्या ताई, तुम्ही कुसळं बघितलीत पण रिकामा डबा नाही बघितला. बागेत एकटं बसून, पुढचं काही सुचत नसताना, माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही. तरी रोज डबा संपवून आणायचा. तुम्ही पहाटे उठून केलेलं त्याने टाकलं नाही. हे पण एक बोलणंच आहे.

एमए सायकॉलॉजी
आजी, तुमचं हे म्हणणं अभ्यासातही येतं. जॉन गॉटमन यांनी नवीन लग्न झालेल्या जोडप्यांचं रोजचं साधं वागणं बघितलं, म्हणजे एकाने "बघ ना, केवढा पाऊस आलाय" म्हटलं तर दुसरा खिडकीपाशी येतो की मोबाइलच बघत बसतो, असलं. सहा वर्षांनी जे एकत्र होते त्यांनी एकमेकांच्या अशा हाकेला शंभरातल्या ८६ वेळा ओ दिली होती, जे वेगळे झाले त्यांनी ३३ वेळा. रस आणणं ही ओ देणंच आहे. फक्त आधी हाक तर यायला पाहिजे ना, काकांनी हाकच मारली नाही.

विजयनगर २७
आजी, राग येणार नसेल तर विचारू? ३८ वर्षांत असं काहीच नव्हतं का जे सांगायला हवं होतं असं आता वाटतं?

रामबाग
आहे एक. बीएचं शेवटचं वर्ष राहिलं होतं माझं, १९७९ मध्ये लग्न झालं. परीक्षेला बसू का हे मी विचारलंच नाही, नाही म्हणतील आणि मग मला माझी जागा कळेल म्हणून. नाही ऐकण्यापेक्षा न विचारलेलं बरं. यांच्या शेवटच्या आजारपणात सहज बोलले, तर म्हणाले "विचारलं असतंस तर सायकलवर सेंटरपर्यंत सोडलं असतं." हे गेले त्याला आठ वर्षं झाली, ते वाक्य जात नाही. पण म्हणून सगळंच बोलून टाकावं असं मी अजूनही म्हणणार नाही.

अन्नपूर्णा रोड
आजी, डब्याचं वाचून रडले मी. खरंच तसा विचार केला नव्हता.

सहावा मजला, एक विचारते. पंगतीत तुम्हाला काय झालं ते बायकोला माहीत आहे का?

सहावा मजला
नाही. काय सांगणार? हसली ना ती.

अन्नपूर्णा रोड
मग तीन वर्षं ती कशाची शिक्षा भोगतेय ते तिला माहीतच नाही. तिने आईला सांगायला नको होतं, आणि हसायला तर अजिबात नको होतं, मला तिची बाजू घ्यायची नाही. पण भर पंगतीत बाईमाणूस ओशाळून पण हसतं हो. मी स्वतः हसलेय असं, जाऊबाई माझ्या नवऱ्याला काही बोलल्या तेव्हा, आणि घरी येऊन मोरीत रडले. तुम्ही जिना चढताना ती काय समजत असेल, की याला आता माझ्याशी बोलावंसं वाटत नाही.

सहावा मजला
तुम्ही म्हणता तसं असेलही. मला नाही वाटत. एकदा उघडलेली मूठ परत उघडायला जी ताकद लागते ती कुठून आणायची ते कोणी सांगत नाही, सगळे फक्त उघडा म्हणतात.

लोकमान्य नगर
सगळं वाचलं. ताई, एक कडक बोलतो. सहावा मजलावाल्या दादांचं दुःख हेच आहे की घरातलं त्यांना न विचारता चार लोकांत गेलं. तुम्ही इथे काय केलंत? पार्क, मोजे, एफडी, सगळं लिहिलंत. विजय नगर, चौथा मजला पण लिहिलंत, इंदूरचे मराठी लोक आहेत किती, ओळखणारा ओळखेल. लिहिण्याआधी नवऱ्याला विचारलंत का? नसेल तर तो बरोबर होता, तुम्हाला न सांगण्यात.

अन्नपूर्णा रोड
कालपासून उत्तर दिलं नाही कारण उत्तर नव्हतं. नाही विचारलं. तुमचं बरोबर आहे, मी चुकले, आणि रात्री झोप लागली नाही.

आज सकाळी सगळं त्याला दाखवलं, तुमचं बोलणं पण. नवी नोकरी उशिरा सुरू होते म्हणून तो घरीच होता. चहा गार होईपर्यंत वाचत होता. मी तयारी ठेवली होती की आता भांडण होणार, काढून टाक म्हणाला तर लगेच काढणार होते. पंगतीचं वाचून थांबला, म्हणाला याचं फार वाईट झालं. राहू दे हे, म्हणाला, त्या माणसाला उत्तरं मिळून राहिलीत. मग म्हणाला, पण एक तू चुकीचं लिहिलंयस. पहिले वीस-बावीस दिवस मी पार्कात नव्हतो, रेल्वे स्टेशनच्या वेटिंग हॉलमध्ये बसायचो. तेव्हा पाऊस होता ना. रोज प्लॅटफॉर्म तिकीट काढायचो.

वर्ष होत आलं, हे त्याने मला सांगितलं नव्हतं. मी विचारलं डबा कुठे खायचास, तर म्हणाला तिथेच बाकावर, एकदा शेजारी एक म्हातारे बसले होते उज्जैनला जाणारे, त्यांना अर्धी पोळी दिली, त्यांनी विचारलं कुठे निघालात, आणि मला काही सांगता येईना. एवढं बोलला आणि आंघोळीला गेला.