नगरसेवक रविवारी वस्तीत येणार आहेत. कडक पोलिसिंगबद्दल त्यांना नेमकं काय मागायचं?

शिवणवाली_पुणे:
आम्ही दक्षिण पुण्यातल्या एका जुन्या वस्तीत राहतो. मी घरी शिवणकाम करते, मिस्टर रिक्षा चालवतात. मागच्या महिन्यात रात्री दीडच्या सुमारास दोन गाड्यांवरून चार पोरं आली आणि गल्लीत लावलेली अकरा वाहनं फोडून गेली. आमच्या रिक्षाची पुढची काच गेली, हुड फाटलं, मागच्या सीटवर कोयत्याचे तीन वार. मी खिडकीच्या फटीतून बघत होते. गाडी पळवताना एकानं कोयता डांबरावर घासत नेला, त्याचा खर्रर्र आवाज अजून कानात आहे. कुणाशी भांडण नाही, देणंघेणं नाही. "इथले भाई आम्ही" एवढंच ओरडत होते.

विमा थर्ड पार्टीचा, त्यामुळे एक रुपया मिळाला नाही. सीटचं रेक्झिन मी माझ्या मशीनवर शिवलं, दोन सुया मोडल्या. हुड आणि काचेचे साडेसात हजार गेले आणि पाच दिवस रिक्षा उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी चौघं सापडली. त्यातल्या दोन सज्ञान पोरांना पोलिसांनी आमच्याच गल्लीतून चालवत नेलं. लोकांनी व्हिडिओ काढले, टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. खूप दिवसांनी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. उरलेली दोन अल्पवयीन. त्यातल्या एकाच्या शाळेच्या पॅन्टची शिलाई मी दर जूनला उसवून लांब करून द्यायचे. पंधरा दिवसांत तो परत आला. आता टपरीपाशी उभा असतो, मला बघून मान खाली घालतो.

जानेवारीत महापालिकेची निवडणूक झाली. त्याआधी जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे. प्रचारात जो आला तो म्हणाला, कोयता गँग मोडून काढू. आता निवडून आलेले रविवारी येताहेत. मला कडक पोलीस हवेत, अगदी मनापासून. पण "वर बोलतो" म्हणून ते निघून जाऊ नयेत, असं नेमकं काय विचारू?

रात्रपाळी:
ताई, मी डिलिव्हरी करतो. दोन वर्षांपूर्वी रात्री दोन वाजता गळ्याला कोयता लावून मोबाइल आणि दिवसाचा गल्ला नेला. त्या भीतीत मी अजून गाडी चालवतो. म्हणून धिंड काढली तर मला चुकीचं वाटत नाही. २०२३ च्या जूनमध्ये सदाशिव पेठेत भर सकाळी एक पोरगा कोयता घेऊन मुलीच्या मागे धावला. तिला वाचवलं कुणी? स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरांनी. शहरात वचक असता तर त्याची पिशवीत कोयता घालून घराबाहेर पडायची हिंमत झाली नसती. माझं मत त्यालाच, जो पोलिसांना मोकळीक देईल.

निवृत्त_हवालदार:
चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच बीटवर. दादा, तुमचा राग मला कळतो. पण धिंडीचा वचक किती दिवस टिकतो हे मी पाहिलंय. आठवड्यानं तेच पोर तोच व्हिडिओ गाणं लावून स्टेटसला ठेवतं. त्याच्यासाठी ती जाहिरात झाली. बेडी घालून मिरवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानं १९८० सालीच खडसावलंय. पुढे कोर्टात आरोपीचा वकील पहिला तोच मुद्दा काढतो.

शरद मोहोळ या गुंडाचा खून ५ जानेवारी २०२४ ला कोथरूडमध्ये दिवसाढवळ्या झाला. पुढच्या महिन्यात नवे पोलीस आयुक्त अमितेश कुमार यांनी शहरातल्या टोळ्यांच्या अडीचशेहून जास्त लोकांना आयुक्तालयात आणून रांगेत उभं केलं. सगळ्या टीव्हीवर ते दिसलं. त्याच वर्षी १ सप्टेंबरला नाना पेठेत वनराज आंदेकर या माजी नगरसेवकाला गोळ्या घातल्या. रांगेत उभं करणं वाईट होतं असं माझं म्हणणं नाही. रांग सुटल्यावर त्या माणसाच्या दारावर रात्री कोण जातं, खरी कडक पोलिसिंग ती.

२०२४ मध्ये पुण्याला आंबेगाव, नांदेड सिटी, वाघोली, खराडी, फुरसुंगी, काळेपडळ, बाणेर अशी सात नवी ठाणी मिळाली. चांगलं झालं. पण ठाण्याची इमारत गस्त घालत नाही. तुमच्या ठाण्याला मंजूर माणसं किती, हजर किती, आणि त्यातली गणपती, पालखी, मंत्र्यांच्या बंदोबस्ताला किती जातात हे विचारा. रात्री अकरा ते चार बीट मार्शलच्या, म्हणजे गाडीवरून गस्त घालणाऱ्या पोलिसांच्या, किती जोड्या फिरतात ते विचारा. तडीपार केलेला माणूस दोन वर्षांपर्यंत हद्दीबाहेर ठेवता येतो, पण आईच्या हातचं जेवायला तो रात्री येतोच. तो आल्याचं कळवलं तर त्याच्यावर महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम १४२ खाली वेगळा गुन्हा होतो. हे वस्तीत कुणाला माहीत नसतं.

वकील_येरवडा:
मी बाल न्याय मंडळात नेहमी उभी राहते. शिवणवाली ताई, तुमचा तो पॅन्टवाला मुलगा लवकर सुटला यात कुणाचा वशिला असेलच असं नाही, कायदाच तसा आहे. २०१५ च्या कायद्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलावर सज्ञान म्हणून खटला चालवण्याचा विचार फक्त अशा गुन्ह्यात होतो ज्याला किमान सात वर्षं शिक्षा आहे. खुनाला तो होतो. खुनाच्या प्रयत्नाला शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे, पण किमान सात वर्षांची अट नाही, म्हणून तो त्यात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये हे स्पष्ट केलं. टोळीवाल्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे, म्हणून कोयता पोराच्या हातात देतात.

सभेत "सगळ्यांना मकोका लावा" असं कुणीतरी म्हणेलच. १९९९ चा तो कायदा टोळीसाठी आहे. आधीच्या दहा वर्षांत टोळीवर एकापेक्षा जास्त दोषारोपपत्रं लागतात. गुन्हे नीट नोंदलेच नाहीत, तर मकोका उभा कशावर राहणार?

मुळात खटले साक्षीदारापाशी पडतात. अकरा वाहनांचे अकरा मालक, पंचनाम्यावर सह्या किती जणांनी केल्या? २०१८ पासून साक्षीदार संरक्षणाची योजना आहे, जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करता येतो. धमकी आली तर लगेच लेखी द्या.

शिवणवाली_पुणे:
वकीलताई, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सही फक्त आमच्या मिस्टरांनी आणि पलीकडच्या भाजीवाल्या मावशींनी केली. मी बघितलं होतं, तरी "मी झोपले होते" असं सांगितलं. दोन मुली आहेत माझ्या. पण काल रात्री मिस्टरांशी बोलले. उद्या ठाण्यात जाऊन जबाब देणार आहे.

दादा, तुमच्या गळ्याला कोयता लागला हे वाचून पोटात गोळा आला. मी टाळ्या वाजवल्या त्याची मला लाज नाही. पण काका म्हणतात ते खरं, त्या दिवसानंतर पोलिसांची रात्रीची गाडी गल्लीत एकदाही आलेली नाही. मी रोज दोन वाजेपर्यंत जागी असते, मला माहीत आहे.

पोलीस नगरसेवकाच्या हाताखाली नाहीत, गृहखात्याच्या आहेत, हे समजलं. म्हणून माणसांचा आणि गस्तीचा प्रश्न लेखी लिहून आमदारांकडे देणार. नगरसेवकांना त्यांच्या हातातलं विचारणार. शाळेमागचे चार दिवे दिवाळीपासून बंद आहेत, ती पोरं तिथूनच पळाली. आणि चौकात वाढदिवसाचा जो फ्लेक्स लागतो, त्यात पुढाऱ्याच्या फोटोखाली रांगेत कुणाकुणाचे चेहरे असतात ते त्यांनी एकदा माझ्यासोबत उभं राहून बघावं. तो उतरवायला पोलीस लागत नाहीत. पॅन्टवाला पोरगा त्याच रांगेत आपला फोटो कधी लागेल याची वाट बघत होता, त्याच्या आईनंच मला सांगितलं. सभेत तिलाही सोबत घेऊन जाणार आहे, यायला तयार झाली तर.

काका, आमदारांच्या ऑफिसात अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर पोच शिक्का मागितला तर देतात का?

निवृत्त_हवालदार:
देतात. तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. खाली वस्तीतल्या सह्या घ्या, आधी भाजीवाल्या मावशींची.