मदत हवी आहे: 11 महिन्यांची कारवान जातीची कुत्री, दोरी लावली की ओढतच सुटते

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे बिजली आहे. कारवान मादी, वय 11 महिने, वजन 22 किलो, जत भागातल्या एका शेतावरून आणलेली. घरात इतकी शहाणी की दिवाणावर कुत्रं झोपलंय हे पाहुण्याला चहा संपेपर्यंत कळत नाही. पण दोरी लावून फाटकाबाहेर पडलं की उसाच्या ट्रॉलीचा ट्रॅक्टर बरा, अशी ओढते.

सकाळी राजारामपुरीत वर्दळ कमी असते तोवर मी कसंबसं निभावते. खरी अडचण संध्याकाळची. मिस्टरांची शिरोली एमआयडीसीत दुसरी पाळी असली की आप्पा, म्हणजे माझे सासरे, तिला नेतात. वय 67, गुडघे दुखतात, त्यात दोरी मनगटाला वेढे मारून धरायची सवय. "सुटली तर गावभर कोण हुडकत बसणार?" म्हणतात. परवा मांजर आडवं गेलं आणि ते विजेचा खांब धरून कसेबसे उभे राहिले. फिरणं बंद करा म्हणायची घरात कुणाची टाप नाही. आणि खरं सांगायचं तर दोघांनाही ते फिरणं हवंच असतं.

एक गोष्ट मी बघितलीय. हिसका द्यायच्या आधी ती क्षणभर थिजते. कान ताठ, मान उंच, पुढचा एक पाय अधांतरी. त्या वेळी हाक मारली तर कधी वळून बघते, बहुतेकदा नाही. हलणारं काहीही चालतं तिला: मांजर, कोंबडी, सायकल, वाऱ्यावर उडणारी कॅरीबॅगसुद्धा.

साधा पट्टा ती मागे सरकून डोक्यातून काढते. पाठीवर कडी असलेला हार्नेस (छाती-पाठीभोवतीचा पट्टा) आणला तर ओढणं उलट वाढलं. दुकानदार काट्यांचा पट्टा घ्या म्हणतो, गल्लीतले एक काका चोक चेन (ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी) सुचवतात, दिरांचं म्हणणं गाडीला बांधून पळवा, रग जिरेल. मला यातलं काहीच पटत नाही, पण दुसरं काय करायचं तेही सुचत नाही. कारवान किंवा मुधोळ कुत्री पाळलेल्यांनी कृपया सांगा.

— राजारामपुरीची सूनबाई

मिरजेचा पाव्हणा:
ताई, काटे आणि चोक चेन दोन्ही नकोत. या जातीची मान लांब, कातडी पातळ, अंगावर चरबी नाही. हिसका थेट नरड्यावर बसतो. आणि शिकते काय, तर मांजर दिसलं की गळा दुखतो. पुढे मांजर दिसायच्या आधीच चवताळायला लागली तर तेही निस्तरावं लागेल.

पट्टा निघतो कारण कारवानचं डोकं मानेपेक्षा अरुंद. त्यासाठी मार्टिंगेल कॉलर मिळते, रुंद कापडाची घ्या. ओढल्यावर ठरावीक मापापर्यंतच आवळते. पूर्ण आवळली तरी गळा दाबू नये आणि डोक्यातून निघूही नये, असं माप लावून घ्या. सोबत छातीवर कडी असलेला हार्नेस. पाठीवरच्या कडीला कुत्रं अख्ख्या छातीचा जोर लावतं, त्याला काहीच टोचत नाही. छातीवरच्या कडीला ओढलं की त्याचं अंग तुमच्याकडे वळतं, मग ओढण्यात मजा राहत नाही. नुसत्या हार्नेसवर मात्र ओढ सुटत नाही, शिकवावं लागतंच.

शिकवणं गच्चीवर सुरू करा, रस्त्यावर नाही. दोरी सैल आहे आणि ती तुमच्या पायाशेजारी आहे, तेवढ्यात खाऊ द्या, तोही तुमच्या मांडीजवळ. पुढे हात लांबवून दिला तर ती पुढेच धावणार. दोरी ताणली की पाय थांबवायचे. ओरडायचं नाही, मागे खेचायचं नाही. तिने स्वतः वळून ढिली केली की परत चालायचं. पहिल्यांदा गच्चीची एक बाजू ओलांडायलाच सगळा वेळ जातो, कंटाळा येतो, तरी तसंच. गच्चीवर जमलं की जिना, मग फाटक, मग गल्ली.

आणि तो अधांतरी पाय तुम्ही बरोबर हेरलाय. तीच तुमची वेळ. पाय उचलला की हाक, वळली की लगेच खाऊ. वळली नाही तर समजायचं आपण मांजराच्या फार जवळ आलोय, सरळ रस्ता ओलांडून लांब जायचं. ही नजरेवर शिकार करणारी जात आहे. धाव सुरू झाल्यावर हाक तिच्या कानापर्यंत पोचत नाही.

पन्हाळा रोड:
लई डोकं लावताय. पळायचं जनावर हाय, गल्लीत काय फिरवताय? माळावर सोडा, दमली की आपोआप सरळ चालतंय.

मिरजेचा पाव्हणा:
@पन्हाळा रोड, पळायला पाहिजे हे खरं. पण उघड्या माळावर नको. ससा उठला की ही थांबत नाही, मध्ये हायवे असला तरी. आणि ससा मारला तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. तारेचं कुंपण असलेलं कुणाचं शेत असेल तर तिथे मोकळं सोडा, आधी आत ससे नाहीत ना ते बघून. गाडीला बांधून पळवणं तर अजिबात नको. वाढती हाडं, तापलेलं डांबर, आणि तिने बाजूला झेप घेतली की गाडी, माणूस, कुत्री सगळीच रस्त्यावर.

राजारामपुरीची सूनबाई:
मनापासून धन्यवाद. दोन शंका. आप्पा काही थांबत-बिंबत बसणार नाहीत, ती ओढेल तिकडे जातात. मग माझं सकाळचं शिकवणं वाया जाणार का? आणि खाऊ म्हणून काय देऊ? बिस्किटाकडे ती बाहेर ढुंकूनही बघत नाही.

तळ्याकाठी:
मी उत्तर देते, माझ्याकडे लॅब्रॅडोर आहे पण घरातलं राजकारण सेम.

कधी ओढून मिळतं, कधी नाही, असं झालं की ओढणं जास्त पक्कं होतं. म्हणून तुम्ही सध्या दोन साजं वेगळी ठेवा. शिकवताना मार्टिंगेल, त्या वेळी नियम कडक. आप्पांबरोबर छातीवरच्या कडीचा हार्नेस, तिथे नियम नाही. कुत्र्यांना हा फरक कळतो. त्यांच्या फेरीला हार्नेसची कडी आणि कॉलर एका छोट्या पट्टीने जोडून ठेवा, एक सुटलं तरी दुसरं राहतं.

आप्पांना मनगटाचे वेढे मात्र सोडायला लावा. तोल गेला की हात सोडवता येत नाही, मनगट मोडतं. दोरीचा फास अंगठ्यात अडकवून मूठ मिटायची, पकड तेवढीच घट्ट राहते आणि वेळ आलीच तर सोडता येतं. "सुटली तर" म्हणतील, तर पट्ट्याला फोन नंबरचा बिल्ला लावून द्या. आणि त्यांच्या फेरीआधी घरात कुणीतरी तिला दोरीच्या खेळण्याने थोडं खेळवून घ्या, रग उतरते.

खाऊ म्हणाल तर कोल्हापुरात प्रश्नच नाही. मटण शिजायला टाकताना कांदा, लसूण, मीठ पडायच्या आधी चार तुकडे वेगळे उकडून घ्या. अळणी म्हणून रश्शाच्या पातेल्यातलं देऊ नका, त्यात कांदा-लसूण असतोच आणि तो कुत्र्याला विषारी. तुकडे हरभऱ्याएवढे करा, नाहीतर चालण्यापेक्षा चावण्यातच वेळ जातो.

राजारामपुरीची सूनबाई:
मटणाचं आप्पांना सांगितलं. "माझ्या ताटातलं कमी करू नका, बाकी काय ते करा" म्हणाले. मूठ मात्र लगेच करून बघितली. रविवारी रंकाळ्यावर नेऊ का?

तळ्याकाठी:
इतक्यात नको. संध्याकाळी भेळेच्या गाड्या, पोरंसोरं, फुगेवाले, तिला काहीच सुचणार नाही. गल्लीत मांजर बघून ती तुमच्याकडे वळायला लागली की एखाद्या दिवशी पहाटे न्या. तेही गंगावेशीच्या दूध कट्ट्याकडून नको, तिथे म्हशी असतात.